असताना मांडलेली वेगळी चूल

आक्का,

जन्मभर तुला 'तुम्ही' म्हटलं. धाकट्या जावेनं थोरलीला एकेरी हाक मारलेली आपल्या घरात चालली नसती, आणि घरानं चालवून घेतली असती तरी तू घेतली नसतीस. आज मात्र 'तू' म्हणते. देवाला म्हणतो, आईला म्हणतो, गेलेल्या माणसालाही म्हणतो, मग मीच का मागं राहू? राग आला तर येऊ दे. त्या निमित्तानं तरी एकदा दारात येऊन उभी राहा आणि म्हण, "सुमे, लय शाणी झालीस का?"

दहाव्याला नदीवर सगळा गाव आला होता. तिथं कुणीतरी म्हणालं, "दोघी जावा कसल्या, सख्ख्या बहिणीच व्हत्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मला रडता रडता हसू आलं. बहिणी कसल्या डोंबलाच्या! आपण जावाच होतो, अगदी पक्क्या. बहिणी भांडतात आणि विसरतात. आपण भांडलो ते सगळं नीट जपून ठेवलं. गेल्या महिन्यात तू अंथरूण धरलं होतंस, तरी मी आणलेल्या पेजेचा एक घोट घेऊन तू सुनेला म्हणालीस, "जरा मीठ आण गं." मी त्यात मीठ घातलं होतं, आक्का. तुझ्या आवडीनं घातलं होतं.

मिठावरूनच तर सगळं सुरू झालं होतं.

मी कराडची. वडील बाजारपेठेत एका दुकानी कामाला, घर दोन खोल्यांचं, पण चहात साखर आणि जेवणात पोळी. लग्न होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी आले तेव्हा घर बघून छाती दडपली. कृष्णेच्या काठचा ऊस, परड्यात गुऱ्हाळाच्या चिपाडांची गंज घराएवढी उंच, गोठ्यात म्हशी, माणसांची ये-जा. आमचे हे पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर येणार. शेती थोरल्या दिरांच्या हातात आणि चूल तुझ्या. मी कालवण फोडणीला टाकायची, मीठ घालायची, पाट्यावरचं वाटण घालायची. मग तू यायचीस, पळीनं थेंबभर हातावर घेऊन चाखायचीस, तोंडातून अवाक्षर काढायची नाहीस आणि चिमूटभर मीठ टाकायचीस. रोज. खारट झालं की जेवणारे माझ्याकडं बघायचे.

तू बोलली असतीस तर मी उलटून बोलले असते. तू बोलायचीच नाहीस, हेच तर दुखणं होतं.

आज सांगते, मला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. दागिना नको, जमीन नको. मला चुलीपुढची जागा हवी होती. पाट टाकून जाळापुढं बसावं, आपल्या मनानं घालावं, आपल्या मनानं उतरवावं. तुझ्या त्या पाटावर तू उठून गेल्यावरसुद्धा बसायची माझी टाप नव्हती. मी कडेला बसून पीठ मळायची आणि धूर खायची. ह्यांच्या आदल्या रजेत मी एकच धोशा लावला, मला वेगळी चूल मांडून द्या. हे आधी 'बघू' म्हणाले, मग माझं तोंड बघून म्हणाले, "शिमग्याच्या रजेला येतो, तवा दादांशी बोलतो." ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पण आपल्या घरात न सांगितलेली गोष्ट आधी कळायची. तुला ती दुसऱ्या दिवशी सकाळीच माहीत होती, हे मला तू चहाचा कप ज्या तऱ्हेनं पुढं सरकवलास त्यावरून कळलं.

आणि मग तो दुष्काळ आला. आपल्याकडं त्याची झळ काय, तर नदीचं पाणी खाली गेलं, पाणी उपसायच्या मोटारी पुढं सरकवाव्या लागल्या, ऊस थोडा वाळला. थोरले दीर काळजीत असायचे, पण जेवायला बसले की ताट भरलेलं असायचं. तुझं माहेर तिकडं आटपाडीच्या अंगाला, माळावर. कोरडवाहू तुकडा आणि चार शेरडं. तू माहेरचं फार बोलत नसायचीस. दरवर्षी भाऊबीजेला तुझा धाकटा भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा. फेटा बांधून सोप्यात बसायचा, आणि तू दिवसभर उगीचच आत-बाहेर करायचीस. त्या दिवाळीला तो आला नाही. तू ओवाळायचं तबक तयार ठेवलं होतंस. दुपार टळल्यावर तू ते गुपचूप उतरवलंस आणि निरांजनातलं तेल परत बुधल्यात ओतलंस. मी बघितलं. विचारलं नाही, कारण त्या आठवड्यात आपला अबोला चालू होता.

संक्रांत झाली तरी तिकडून काही कळेना. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "न्यायला कुणी येत न्हाई, म्हंजे तिकडं कायतरी बिनसलंय. तू जा, बघून ये. आन ह्या कराडकरणीला संगं ने. हितं ऱ्हायली तर माझ्याशी भांडंल." त्यांनी स्वतः पिशवी भरली. हरभऱ्याची डाळ, गुळाची अख्खी ढेप, गहू, थोडी सुपारी. लेक माहेरी चाललीय तर घरात पुरण शिजलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब. नदीकाठच्या माणसाला दुसरं काय सुचणार? जे लागेल ते सगळं पिशवीत आहे, असं आम्हा तिघींनाही वाटत होतं.

विट्याला गाडी बदलली. विट्याच्या पुढं जमिनीचा रंगच बदलला. झाडांच्या फांद्या शेरडांसाठी तोडून तोडून नुसते बुंधे उभे होते. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, डोक्याला फडकी बांधलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. गाडी हळू झाली की तू खिडकीतून मान बाहेर काढून एकेकीचं तोंड बघायचीस. मला वाटलं, तुला गाडी लागतेय. तू आपल्या भावजया शोधत होतीस, हे मला फार उशिरा उमगलं.

घरी पोचलो तर तुझी आई उंबऱ्यात बसलेली. तिनं पायावर पाणी दिलं ते घमेल्यात उभं करून. तांब्याभर पाण्यात दोघींचे पाय धुतले आणि ते घमेलं शेळीपुढं ठेवलं. शेळी वाटच बघत होती. तुझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत, धाकटा जनावरं घेऊन छावणीवर. घरात तुझी आई, दोघी भावजया आणि त्यांची पोरं. त्या दिवशी तुझ्या माहेरच्या गावचा बाजार, म्हणून तिथल्या खडीला सुट्टी होती आणि दोघी घरी सापडल्या.

गंगूवहिनी थोरली, हौसावहिनी धाकटी. दोघींचं जमत नाही, त्या कधीच्या वेगळ्या झाल्यात, हे तू मला गाडीत सांगितलं होतंस. कशावरून, ते तुलाही नीट सांगता आलं नाही. मुंबईहून आलेल्या कुठल्याशा लुगड्यावरून, म्हणालीस. एकाच घरात दोन चुली. एक आत, एक सोप्यात. पण आम्ही गेलो तर सोप्यातली चूल थंडगार, तिच्या आयलात, बाजूच्या खळग्यात, मांजरीनं पिलं घातलेली. आतल्या चुलीवर एका बाजूला गंगूवहिनीचं मडकं, दुसऱ्या बाजूला हौसावहिनीचं. जाळ एक, घरं दोन. आणि एकमेकींशी शब्द नाही!

"म्हातारे, तिला सांग, मीठ दे म्हनावं."

"म्हातारे, मीठ न्हाई म्हून सांग. सकाळीच संपलंय."

"मग काल सांगाय काय झालं व्हतं, इचार."

तुझी आई दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडं पोचवत होती. दोघींना ऐकू येत होतं, तरी ती प्रत्येक शब्द पुन्हा म्हणायची. मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला. तू माझ्याकडं असं बघितलंस की हसू तिथंच विरलं.

मग तू पिशवी उघडलीस. डाळ बघून पोरं पुढं सरकली. गंगूवहिनीनं मात्र डाळीची पुरचुंडी हातात घेतली आणि नुसतीच धरून बसली. तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. तुझ्या आईनंच सांगितलं, "पोरी, हरबऱ्याची डाळ ही. दोपारपातूर शिजत ऱ्हाईल. यवढं जळण कुठलं गं?"

आक्का, मला जळण म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं. आपल्याकडं परड्यात गेलं की चिपाडं, शेतात गेलं की पाचट, गोठ्यामागं शेणींचा रचलेला हुडवा. धूर जास्त होतो म्हणून मी भांडायची. तिकडं जनावरं छावणीवर गेलेली, म्हणजे शेण नाही. शेण नाही म्हणजे शेणी नाहीत. झाडं शेरडांनी खाल्लेली. खडीवरनं येताना वाटेत सापडेल ते काटूक पदरात घेऊन यायचं. दोघींच्या दोन मोळ्या, मोळ्या म्हणायचीसुद्धा लाज वाटावी एवढ्या, आपापल्या कोपऱ्यात दोरीनं बांधून ठेवलेल्या. एक दिवस गंगूवहिनीचं जळण, दुसऱ्या दिवशी हौसावहिनीचं. दोन चुली पेटवणं परवडत नाही म्हणून जाळापुरत्या त्या एक झाल्या होत्या. धान्य म्हणजे सरकारी तांबडी मिलो ज्वारी, आणि कामावर पोरांना मिळणारी सुकडी. ते थोड्या जळणात शिजायचं. आमची डाळ म्हणजे त्यांच्या घरी पाहुणी आलेली वाघीण.

तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या वैनी, पुरण नगं." गंगूवहिनीचा चेहरा एकदम कडक झाला. "का नगं? लेक म्हायारी आल्या. दिवाळीला तुला न्हाई न्हेता आलं, आता आलीस तर मिलोची भाकरी घालू व्हय?" तिनं डाळ भिजतसुद्धा घातली नाही, तशीच चुलीवर चढवली आणि आपली मोळी सोडली. तो दिवस तिचा होता.

तू बाहेर आईची वेणी घालायला बसलीस. तिला आपल्याकडं पावसाळ्यापर्यंत चल म्हणून तू विनवत होतीस, ते मला आतून ऐकू येत होतं. म्हातारीचं उत्तरही ऐकू आलं. "मी आली तर ह्या दोघी बोलतील कुनामार्फत? एकलकोंड्यावानी बसतील दोगी दोन कोपऱ्यात. मी न्हाई येत." तू चिडलीस. तुझा आवाज चढला, मग बसला.

पुरण शिजलं, आक्का. दुपार पार कलली तेव्हा शिजलं. पोळ्या झाल्या, तुझ्या-माझ्या ताटात आधी वाढल्या. पोरं पोळीचा तुकडा तोंडात धरून बसत होती, लवकर संपू नये म्हणून. मला घास गिळवेना, आणि टाकणंही शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दोघींनी आपली ओटी भरली, आणि घरं वेगळी म्हणून वेगवेगळी भरली. हळदीकुंकू आणि मूठभर मिलो एकीनं, मग तेवढीच दुसरीनं. ती तांबडी मिलो मी पदरात बांधून आणली. घरी आल्यावर सासूबाईंनी आपल्या शाळूबरोबर ती दळून घेतली. त्या दिवशीच्या भाकरी जरा तांबूस झाल्या होत्या, आणि थोरल्या दिरांनी कारण विचारलं तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक वाढली.

येताना गाडीत तू डोळे मिटून बसलीस. मी बाहेर बघत होते. विटा मागं पडलं, हळूहळू हिरवं दिसायला लागलं, मग आपल्या शिवारातला पाट दिसला, त्यात पाणी होतं आणि एक म्हैस त्यात नाक घालून नुसती खेळत होती. परड्यातली चिपाडांची गंज बघून मी थांबलेच. रोज बघत होते ती. मला त्या क्षणी आपल्या घराचा एवढा लोभ आला की काय सांगू. मी मनात ठरवून टाकलं, वेगळी चूल नको. ह्यांना सांगायचं, विषय काढू नका. मीठ काय, घालू दे तिला किती घालायचं ते.

शिमग्याला हे आले. मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले. ह्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. गडी एवढा खूश झाला की सोप्यात बसून पोळी खाताना सासूबाईंची थट्टा करत होता. आणि तेवढ्यात तू पाणी घेऊन आलीस, तांब्या खाली ठेवलास आणि उभ्यानंच म्हणालीस, "भावजी, सुमीला येगळी चूल मांडून द्या."

थोरल्या दिरांचा घास हातात राहिला. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं? भांडलासा व्हय?"

"न्हाई आत्ती. भांडलो न्हाई म्हून म्हन्ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तुला परड्यात गाठलं. तू चिपाडं काढत होतीस. मी म्हटलं, "मी नको झाले का तुम्हाला? मला नाही व्हायचं वेगळं. मी ह्यांना सांगितलंय तसं."

"ठावं हाय मला."

"मग?"

तू चिपाडांचा भारा खाली ठेवलास. तू एवढं सलग बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही क्वचितच. "तिकडं बगितलंस नव्हं? येका चुलीवर दोगी. जळण न्हाई म्हून आल्या. तोंडं बगितलीस त्यांची? त्यास्नी येगळं व्हायाचं हाय, पर हुता येत न्हाई. आपल्याकडं जाळ हाय, दाना हाय. असताना येगळं व्हावं, सुमे. हसून व्हावं. नसताना मानूस येगळं हुईत न्हाई, नुस्तं तुटतं."

"पण मला आता राहायचंय."

"आता ऱ्हायाचंय. तिकडचं बगून आलीस म्हून. चार म्हैन्यानं ह्ये इसरशील आन माझ्या मिटावर पुन्यांदा डोळं वटारशील." म्हणजे मिठाचं तुला सगळं माहीत होतं! "मला तुझं तोंड तसलं बगायचं न्हाई गं. माझ्या दोन भावजया हायत तसल्या. तिसरी नगं."

मी रडले. रागानं रडले. तुला वाटलं असेल, समजूत पटली.

चूल तू स्वतः घातलीस. नदीकाठची चिकणमाती आणलीस, त्यात भुसा मिसळून तुडवलीस, थापलीस, हातानं गुळगुळीत केलीस. माझ्या उंचीला बसेल अशी, तुझ्यापेक्षा जरा खुजी. वाळल्यावर आपल्या चुलीतला विस्तव खापरीत घालून आणलास आणि माझ्या चुलीत ठेवलास. मग पाट मांडलास आणि म्हणालीस, "बस." मी बसले. पहिला चहा केला, साखरेचा. तू एक घोट घेतलास आणि म्हणालीस, "लय ग्वाड झालाय." मला तेव्हा तुला मिठी मारावीशी वाटली आणि कप हातातून हिसकावून घ्यावासाही वाटला. दोन्ही केलं नाही.

त्यानंतर आपलं कसं झकास चाललं! मधल्या भिंतीतल्या खिडकीतून वाट्या इकडून तिकडं जायच्या. तुझं भरलं वांगं माझ्याकडं, माझी आमटी तुझ्याकडं. वाटी रिकामी परत पाठवायची नाही हा नियम तुझाच. पोरं दोन्हीकडं जेवायची आणि दोन्हीकडं उपाशी आहोत म्हणून सांगायची. ह्यांची पलटण सुटली, सासूबाई गेल्या, पोरांची लग्नं झाली. बाळंतपणात, आजारात कुणाची चूल कुणाची हे आपण बघितलं नाही. तरी वाद मात्र राहिला. मी म्हणायची, "तुम्ही मला बाहेर काढलं." तू म्हणायचीस, "काडलं म्हून तर अजून तोंड बगतीयास." लोकांना वाटायचं थट्टा आहे. निम्मी थट्टाच होती. उरलेली निम्मी मला आतून टोचत होती, आणि तुलाही, नाहीतर तू दरवेळी तेच उत्तर एवढ्या घाईनं दिलं नसतंस.

आता एक सांगायचं राहिलंय. ते सांगायलाच बसले आहे, बाकीचं सगळं त्याच्या आधीचं रेंगाळणं.

त्या दिवशी तू बाहेर आईची वेणी घालत होतीस तेव्हा आत काय झालं, ते तू बघितलं नाहीस. पाण्याच्या टाकीची गाडी आली म्हणून आरडाओरडा झाला आणि गंगूवहिनी घागर घेऊन पळाली. तिची मोळी संपत आली होती. डाळ अजून कच्ची होती. मी फुंकणीनं विझता जाळ फुंकत होते. हौसावहिनी आपल्या कोपऱ्यात गेली, तिनं आपली मोळी सोडली, तुरीच्या चार काड्या काढल्या, गुडघ्यावर आवाज न करता मोडल्या आणि जाळात सारल्या. मग आणखी काढल्या. मी बघतेय म्हटल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बोलू नगा हं, बाई. तिला कळलं तर वडून भाईर टाकील. तिची ननंद आल्या, तिचं पुरन कच्चं ऱ्हायाला नगं." मी मान डोलावली. उरलेली मोळी तिनं परत बांधली, पहिल्यासारखी फुगवून. गंगूवहिनी पाणी घेऊन आली. तिनं जाळाकडं बघितलं, कोपऱ्यातल्या मोळीकडं बघितलं, आणि म्हातारीला म्हणाली, "तिला सांग, जरा बाजूला सर म्हनावं, घागर ठिवायची हाय." आवाज मात्र मघाचा नव्हता.

तू त्यांची तोंडं बघितलीस, आक्का. मी हात बघितले होते. म्हणून मला राहायचं होतं.

परड्यात हे मी तुला तिथल्या तिथं सांगू शकले असते. जिंकलेच असते. पण हौसावहिनीला शब्द दिला होता, आणि मी रागानं रडत होते. पुढं तू चूल घातलीस, विस्तव आणलास. त्या चुलीपुढं बसल्यावर मला एवढं सुख झालं की ते सांगणं म्हणजे तुझ्या हातचं घेऊन तुझ्याच तोंडावर मारणं वाटलं. नंतर तुझ्या भावजया गेल्या. मग वाटलं, आता सांगून काय? आणि असं करता करता सगळं आयुष्य गेलं. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, तेही मला ठाऊक आहे. "मग बोलत का नव्हत्या गं?" मी म्हणाले असते, "तुम्ही तरी कुठं बोलायचात?" आणि आपलं नव्यानं जुंपलं असतं.

तू गेलीस त्या दिवशी पै-पाहुणे पिठलं-भाकरी घेऊन आले. सगळं तुझ्या दारी गेलं. घर वेगळं, चूल वेगळी, आमच्याकडं कोण कशाला आणील? माझी सून हळू आवाजात म्हणाली, "आई, आपलं तर वेगळंच आहे, मी गॅस लावू का? पोरांना थोडा भात टाकते." तिचं चुकलं नाही. तिला वेगळंच माहीत आहे. मी म्हटलं, "आज आपल्यात काही शिजणार नाही. चल." आणि पोरांना घेऊन मधल्या दारानं तुझ्याकडं आले, तुझ्या सुनांच्या पंगतीत बसले. वाढणारीनं आधी जरा थबकून बघितलं, मग भाकरी वाढली. पिठल्यात मीठ कमी होतं. कुणी चाखून बघणारं नव्हतं.

आक्का, तू मला बाहेर काढलं नव्हतंस. वाद संपला, जा. तू जिंकलीस असंही नाही, मी जिंकले असंही नाही. तुझ्या मायेचा तो हिशोब होता आणि मला तो कळला होता, तेव्हाच कळला होता. टोचत होतं ते वेगळंच.

तुझ्या माहेराहून परत येताना गाडीत मी आपल्याकडं काय काय आहे ते मनातल्या मनात हिशोबात धरत होते. पाटाला पाणी आहे, परड्यात जळण आहे, कणगीत शाळू आहे, गोठ्यात दूध आहे, नवरा धडधाकट आहे. एकेक आठवून देवाला हात जोडत होते. सगळं धरलं. तुला धरलं नाही. तू तर शेजारीच बसली होतीस, डोळे मिटून, तुझं डोकं डुलत डुलत माझ्या खांद्याला लागत होतं, आणि मी जरा सरकून बसले होते.